जखमेची कड

रोज सकाळचा भोंगा झाला की माझ्या आईचा पाय सोलला जायचा. हे मी रंगवून सांगत नाही. गिरणीच्या दवाखान्यातला ड्रेसर तिच्या नडगीला चिकटलेली पट्टी दोन बोटांत धरायचा आणि एका झटक्यात ओढायचा. रात्रभरात जे काही भरून आलं असेल ते पट्टीबरोबर निघून यायचं. आई दात आवळून छताकडे बघायची. मग तो कापसाच्या बोळ्याने टिंक्चर लावायचा, आई ‘स्स’ करायची, आणि बाकावर बसलेल्या बायका समाधानाने माना हलवायच्या. चुरचुरलं म्हणजे लागू पडलं. सोलापूरच्या गिरण्यांच्या वस्तीत याच्याइतकी पक्की श्रद्धा मी दुसरी पाहिली नाही, आणि मी तर श्रद्धांशी भांडणाऱ्या घरात वाढलेली मुलगी.

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकं होती. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एका संपानंतर गिरणीबाहेर गेले ते गेलेच. पुढे एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले. चुकलेली, डाग पडलेली, उरलेली पत्रकं ते घरी आणायचे. पत्र्याच्या फटी पत्रकांनी बुजवलेल्या, भाकरी पत्रकावर, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. ‘अननस’ वाचता यायच्या आधी मला ‘अन्यायाविरुद्ध’ वाचता येत होतं. अननस मी आजवर खाल्लेला नाही. अन्यायाचं तसं म्हणता येणार नाही.

छापखान्यात काम असेल तेव्हा असायचं. त्यामुळे घर चालायचं ते आईच्या पगारावर. ती रिळिंग खात्यात होती. बॉबिनवरचं सूत यंत्रावर घेऊन त्याच्या लडी करायच्या, दिवसभर उभं राहून. त्या खात्यात बहुतेक बायकाच. दुष्काळ सरून दोन उन्हाळे झाले होते, आणि गिरणीला आता त्या बायका जास्त वाटायला लागल्या होत्या. नवी यंत्रं येणार अशी कुजबुज होती. कुणाला उघडपणे काढायचं नाही, पण कुणाचं नाव आपोआप गळलं तर फार बरं, असा सगळा कारभार. आणि नेमक्या त्या दिवसांत बॉबिनांनी भरलेली लोखंडी ढकलगाडी आईच्या नडगीवर आली. गाडीचं एक चाक कित्येक दिवस वाकडं होतं. ते वाकडं आहे हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं, म्हणजे कुणालाच नव्हतं.

हाड वाचलं. पण नडगीवरचं कातडं तळहाताएवढं गेलं. नडगीवर मांस नसतंच; कातडं गेलं की खाली लगेच हाड. अशी जखम सावकाश भरते.

आता नियम ऐका. रजा एकदम मिळायची नाही. रोज सकाळी दवाखान्यात हजर व्हायचं, ड्रेसरने पट्टी काढायची, उघडी जखम घेऊन डॉक्टरांच्या टेबलासमोर उभं राहायचं. डॉक्टरांनी खुर्चीतून बघायचं. लाल दिसली तर त्या दिवसाची रजा. वाळलेली दिसली तर ‘लाईट काम’. लाईट काम म्हणजे ओल्या फरशीवर उभं राहून सुताचा कचरा गोळा करायचा. हा झाला नियमाचा एक हात. दुसरा हात असा, की दिवाळीच्या आत जखम पूर्ण भरली नाही तर बाई ‘अनफिट’, आणि अनफिट बाईचं नाव रिळिंग खात्यातून कमी.

म्हणजे रजा हवी तर जखम उघडी पाहिजे, आणि नोकरी हवी तर जखम मिटली पाहिजे. असा नियम एखाद्या माणसाला झोपेत तरी सुचेल का? आमच्याकडे तो शुद्धीवर असलेल्या माणसांनी केला होता आणि त्याला छापील कागद होता.

पहिल्या आठवड्यात मी आईबरोबर गेले होते. बाकावर तिच्याच खात्यातली एक तेलुगू बाई बसलेली. तिला सगळे अक्का म्हणत. तिचा हात यंत्राच्या दात्यात सापडून फाटला होता. पट्टी काढून बसलेल्या आईच्या जखमेची कड जराशी सुकलेली बघून अक्का घाबरली.

“अय्यो, असं घेऊन जाऊ नको गं आत! वाळलं म्हणतो तो. चोळ थोडं.”

“चोळू?”

“पदरानं. असं.” आणि तिने आपल्या हातावरची खपली पदराच्या जरीच्या काठाने खरवडली. बघता बघता लाल झाली. “आता बघ. आता देतो का न्हाय रजा.”

आईने चोळलं. माझ्यासमोर. मी तिचा हात धरला तर ती म्हणाली, “सोड की. आज लाईट काम दिलं तर उभी ऱ्हाऊ कशी?”

बाकावरच्या सगळ्याच बायका कुठे ना कुठे चोळत होत्या, गप्पा मारत, जात्यावर बसल्यासारख्या. कुणाची भाजी महाग झालेली, कुणाची सून माहेरी गेलेली, आणि प्रत्येकीचा हात आपापल्या खपलीवर. मला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडायचं ते कळेना, आणि माझ्यासारखीला न ओरडता राग आला की तो पोटात राहतो.

त्याच सुमाराला कॉलेजात आमचं प्राणिशास्त्राचं दुसरं वर्ष सुरू होतं. तोवर आम्ही फक्त मेलेले प्राणी शिकलो होतो. बरणीतले, रंगवलेले, काचेवर चिकटवलेले. आकृती काढा, नावं लिहा, खालची बाजू पेन्सिलीने छायांकित करा. त्या वर्षी एक नवे सर आले. वयाने आमच्याहून फार मोठे नव्हते, शर्टाच्या बाहीला नेहमी शाई. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी सुई घेतली, आपलंच बोट टोचलं, रक्ताचा थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, कडेने व्हॅसलिन लावलं आणि म्हणाले, “हे गरम ठेवायला परदेशात वेगळं यंत्र लागतं. आपल्याला सोलापूर आहे.”

एकेकाने डोळा लावायचा. माझी पाळी आली तेव्हा मला आधी नुसत्या फिकट चकत्याच दिसल्या, तांबड्या पेशी, भांड्यात वाल पडावेत तशा. सर म्हणाले, “घाई करू नको. एक पांढरी शोध, आणि तिच्यावरच थांब.” सापडली. धुरकट, दाणेदार, बेढब. काहीच करत नव्हती. मागची मुलं कुरकुरायला लागली. आणि मग तिच्या एका बाजूने काहीतरी पुढे आलं. पातळ, काचेसारखं स्वच्छ, पदर सोडावा तसं. ते पुढे टेकलं. मग आतले दाणे त्याच्यात ओतल्यासारखे गेले, आणि मागचं शेपूट सुटून ओढलं गेलं. ती चालली होती! तांबड्या पेशींना बाजूला सारत, कुणाची परवानगी न विचारता, चालली होती.

“हिला पाय नाहीत, सर,” मी म्हणाले.

“पाय नाहीत. पण सांगाडा आहे.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक वाकडीतिकडी पेशी काढली आणि आत रेघाच रेघा. म्हणाले, हे अतिशय बारीक धागे. आपल्या हाडांसारखे एकदा घडवून कायमचे ठेवलेले नाहीत. पेशीला जिकडे जायचं असतं त्या बाजूला ती धाग्याला नवे तुकडे जोडते. धागे वाढतात, पुढचं पटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, पुढे ढकललं जातं. ते पटल खालच्या जमिनीला चिकटतं. मग धागे आवळतात आणि मागचं अंग ओढून घेतात. मागच्या धाग्यांचे तुकडे सुटे होतात आणि पुन्हा पुढे कामाला येतात. एखादं औषध घालून हे धागे जुळूच दिले नाहीत, तर पेशी जिवंत राहते, पण जागची हलत नाही.

“हा सांगाडा चालताना मोडतो आणि चालतानाच बांधला जातो,” सर म्हणाले. “हे सगळं नवीन आहे. मी ज्या पुस्तकातून सांगतोय त्यात दर पानाला ‘अजून कळलेलं नाही’ असं लिहिलंय. परीक्षेत येणार नाही. तुम्ही हवं तर विसरा.”

परीक्षेत येणार नाही म्हटल्यावर निम्म्या वह्या मिटल्या. मी विचारलं, “रक्तातल्याच पेशी चालतात का?”

“नाही. कातड्याच्यासुद्धा. एरवी त्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. पण जखम झाली की कडेवरच्या पेशी चपट्या होतात आणि उघड्या जागेवर सरकायला लागतात. जखम भरते म्हणजे काय, तर चारी बाजूंनी कड चालत येते. ओलसर, स्वच्छ जमीन असली तर भराभर येते. वरून खपली असेल तर तिच्या खालून वाट काढत येते.”

“आणि रोज सकाळी ती पट्टीला चिकटवून उपटली तर?”

सरांनी खडू खाली ठेवला. “कोण उपटतंय?”

मी सांगितलं. वर्गासमोरच सांगितलं, आवाज चढवून. सरांनी फळ्यावरच्या पेशीची पुढची कड बोटाने पुसली. मग म्हणाले, “रात्रभर चालून जेवढ्या पुढे आल्या असतील, तेवढ्या पट्टीबरोबर निघून येत असतील. टिंक्चरने उरलेल्यांतल्या काही मरत असतील. मग उरतील त्या पुन्हा पहिल्यापासून.” आणि हळूच, “मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेव. पण निदान पट्टी भिजवून सोडवा म्हणावं. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी.”

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात. ड्रेसरने पट्टी धरल्याबरोबर त्याचा हात धरला. “भिजवून काढा.”

“ए पोरी, हात सोड. पाठीमागं लाईन बघ.”

“भिजवायला कितीसा वेळ लागतो?”

“एकीला दहा मिनिटं. मग डॉक्टर मला भिजवत्यात.” बाक हसला. आईसुद्धा. झटका बसला आणि पट्टी निघाली. मी त्या पट्टीकडे बघितलं. आधीही बघितली होती, पण आता त्या पिवळट डागात काय आहे ते मला माहीत होतं. तो मळ नव्हता. ती माझ्या आईची रात्रभराची चाल होती.

मी आईच्या मागोमाग डॉक्टरांच्या खोलीत घुसले आणि जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. कड, पेशी, धागे, सांगाडा. भाषण करायची मला सवय होती, शाळेपासून. डॉक्टरांनी ऐकून घेतलं असं म्हणता येणार नाही. ते सही करत होते.

“कितवीला आहेस?”

“बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.”

“बरं. मग तिसरं वर्ष झालं की ये. पेशीला सांगाडा असतो म्हणे!” ते कंपाउंडरकडे बघून म्हणाले. “जखम रोज उघडून बघितली नाही तर ती आहे की नाही हे मला कसं कळणार? या बायका पट्टी बांधून महिनाभर घरी बसतील. नेक्स्ट.”

त्या एका वाक्यात सगळं होतं. पट्टी औषधासाठी उघडत नव्हते, पुराव्यासाठी उघडत होते. आणि बाईच्या शब्दाला पुरावा मानत नव्हते, तिचं कातडं मानत होते.

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. माझ्या हाती तेवढंच हत्यार होतं. सुरुवात अशी केली: ‘जखमेच्या कडेवर उभ्या असलेल्या पेशींनो, एक व्हा!’ अण्णांनी चष्मा वर करून वाचलं. खिळे जुळवणारा माणूस, त्यांना अक्षर आधी उलटं दिसतं आणि अर्थ मागून.

“पेशी म्हंजे?”

मी सांगितलं.

“त्या वाचत्यात का?”

“अण्णा!”

“न्हाय, इचारतो. पत्रक कुनासाटी हाय ते आदी ठरव. आनि एवढी जोडाक्षरं घालू नको, आमच्याकडं ‘क्ष’ कमी पडतो.”

सरांनाही मी ते दाखवलं. त्यांनी ती पहिली ओळ पेन्सिलीने खोडली. “पेशींना युनियन नसते. त्यांना न्याय-अन्याय कळत नाही. जागा उघडी पडली की त्या सरकतात. नेमक्या कशाने सुरू होतात तेही कळलेलं नाही. तुझ्या घोषणेसाठी त्यांना कामाला लावू नकोस. त्या जे करतात ते तसंच सांग, ते पुरेसं आहे.” मला त्यांचा फार राग आला. आज वाटतं की मला तोवर खरं सांगणारी माणसं भेटली होती, पण खरं तेवढंच सांगून थांबणारं कुणी भेटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आई पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिच्या शेजारी धुसफुसत होते. ती म्हणाली, “काय सांगत होतीस गं त्या सायबाला? धागं, सांगाडा? मला काय कळलं न्हाय.”

मला आधी लाजच वाटली. डॉक्टरांना सांगितलं, वर्गाला सांगितलं, पत्रकात लिहिलं, आणि जिच्या नडगीवर हे चाललं होतं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी जमिनीवर कोळशाने पेशी काढली. पुढे धागे जोडते, टेकते, अंग ओढून घेते, मागचे धागे सुटे करते, तेच पुढे घेते.

आई बघत राहिली. तिचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांमागे फिरणारं. सोलापुरात ती लग्न होऊन आली. तोवर तिने पक्की भिंत आतून बघितली नव्हती.

“म्हंजी बिऱ्हाड की गं,” ती म्हणाली. “आमी असंच करायचो. मागच्या काठ्या उपटायच्या, घोड्यावर टाकायच्या, म्होरं जाऊन त्याच रोवायच्या. दुसऱ्या काठ्या कुटनं आनायच्या?”

“व्हय. तसंच.”

“आनि रातच्याला बसवल्यालं बिऱ्हाड सकाळी पाटलानं उदळून लावलं तर?” असं म्हणता म्हणता तिने नडगीवरच्या पट्टीकडे बघितलं. तिचा चेहरा बदलला. माझ्या भाषणांनी तो कधी बदलला नव्हता. “लावायचा बी. माज्या देखत लावलंय. वली बाळंतीन व्हती पालात. हितं बसू नका म्हनला, चला म्होरं. म्होरल्या गावात म्हनले, आला तसं माघारी जावा.” तिने पट्टीवरून हलकेच हात फिरवला, मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा. “मी सोताच्या हातानं चोळत व्हते की गं ह्यास्नी. अक्काचं ऐकून.”

“तू कशाला, त्यांनी चोळायला लावलं. आता उद्या सगळ्या बायकांनी मिळून सांगायचं, पट्टी काढू देणार नाही. मी पत्रक…”

“पत्रक ऱ्हाऊ दे. दिवाळी कदी हाय?”

दुसऱ्या दिवशी तिने काय केलं ते मला आजही पचलेलं नाही. घरूनच उकळलेलं मिठाचं पाणी कडीच्या डब्यात घेतलं. बाकावर बसल्या बसल्या पट्टीवर थोडं थोडं सोडत राहिली. पाळी येईपर्यंत पट्टी भिजून सैल. ड्रेसरला म्हणाली, “दादा, तुज्याकडं लई गर्दी हाय. माजी पट्टी मीच सोडते. तू नुसती नवी बांद. आनि ते टिंचर बाजूबाजूनं लाव, मदी नको. मदी लावलं की मला घेरी येती, मग तुलाच उचलाय लागंल.” ड्रेसरने तिच्याकडे बघितलं. आई अंगाने चांगली भरलेली बाई. “बाजूनं तर बाजूनं,” तो म्हणाला. त्याचा वेळ वाचत होता. मी एवढं भांडून जे झालं नाही ते त्याच्या सोयीने झालं.

राहिले डॉक्टर. दहाबारा दिवसांत जखमेची कड आत यायला लागली. चारी बाजूंनी गुलाबी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मी रोज पट्टी सुटताना बघायची आणि मला त्या धूसर पेशीने सोडलेला स्वच्छ पदर दिसायचा. पण हीच गुलाबी कड डॉक्टरांना दिसली असती तर लाईट काम. आईने घरातलं लाल औषध काढलं, ते प्रत्येकाच्या घरी असतं, पोरांच्या गुडघ्यांना लावायला. पट्टी सुटली की आत जायच्या आधी ते कापसाने गुलाबी कडेवर फिरवायची आणि आजूबाजूच्या कातड्यावरही जरा जास्तीचं. लांबून पाय असा दिसायचा की बघणाऱ्याने तोंड फिरवावं. डॉक्टर खुर्चीतून उठत नव्हते, यावर तिने सगळा डाव मांडला होता, आणि तो एकदाही चुकला नाही. “अजून ओली आहे. उद्या या.”

मी घरी कडाडले. “हे नाटक आहे! तुला रजेचा हक्क आहे. हक्काच्या गोष्टीसाठी सोंग कशाला? सोंग केलं की त्यांचा नियम खरा ठरतो.”

“व्हय का?” आई भाकरी थापत होती. “मग खरं काय करू? पाय उगडून भाषान करू? तुजा नियम मोडंस्तवर माजा पाय सडंल. आदी पाय, मग नियम.”

“आणि अक्काचं काय? बाकीच्यांचं?”

 तिने भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली. त्या दिवशी लाल औषध नव्हतं. नडगीवर गुलाबी, चकचकीत, सुरकुतलेलं नवं कातडं, मधोमध अजून एक तिळाएवढी ओली जागा. आई टेबलासमोर उभी राहिली. मी दारात. हिशोब सरळ होता: फिट म्हणाले तर घर चालेल, अनफिट म्हणाले तर रिळिंग खात्यातलं नाव जाईल, आणि ते जावं म्हणून कुणीतरी वर वाट बघत होतं. डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीतून उठले. वाकले. अंगठ्याने नव्या कातड्यावर दाबलं. नुसतं टेकवून नाही, चांगलं दाबलं, आंबा पिकलाय का बघावं तसं. माझ्या मुठी वळल्या. ती कड किती रात्री चालत आली होती आणि हा माणूस तिच्यावर अंगठा रोवून उभा होता.

फाटलं नाही. पांढरं पडलं, मग पुन्हा गुलाबी झालं.

“बघा,” डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. ते मला विसरले नव्हते. “कॉलेजवाल्या बाई, बघा. रोज उघडून टिंक्चर लावलं म्हणून कसं साफ भरलं. काय हो मावशी?”

मी पुढे होऊन आईशेजारी आले आणि तोंड उघडलं. आईने त्याच पायाचा अंगठा माझ्या पावलावर ठेवला आणि दाबला, सगळा भार टाकून.

“व्हय सायब,” ती म्हणाली. “तुमच्या टिंचरनंच.”

त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच उभी राहिले. मला रडू येत होतं, आणि रागाने रडू आलं की मला माझाच आणखी राग येतो. “तू होय म्हणालीस! आता ते सगळ्यांना हेच सांगतील. तुझा पाय दाखवतील पुरावा म्हणून!”

“सही कुनाकडं हाय?” तिने कागद दाखवला. “व्हय म्हनायला काय जातंय? जीभ काय सोलून निगाली माजी?” आणि तो कमरेला खोचत, “तू ल्ही की आता. आता माजं नाव आत हाय. आता ल्ही.”

मी लिहिलं. घोषणा न घालता, पेशींना एक व्हायला न सांगता. जखमेची कड चालत कशी येते ते चार ओळींत. पट्टी वाळल्यावर ओढली तर काय उपटून येतं ते दोन ओळींत. आणि शेवटी एकच मागणी: जखम बघायची असेल तर बघा, पण तिची रोज हजेरी घेऊ नका. अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत खिळे जुळवले. त्यांनी मजकुरात आपलं काही घातलं नाही, पण मथळा मात्र मोठ्या टाइपात घेतला, आणि तिथे स्वतःच्या मनाने एक उद्गारचिन्ह जास्तीचं टाकलं. ते मी काढायला लावलं नाही.

गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटली. पुरुषांनी घेतली, घडी घातली, विडी शिलगावली. दवाखान्यातल्या बाकावरच्या बायकांनी घेतलीच नाहीत. एका हातात जखम आणि दुसऱ्या हातात पदराचा काठ, कागद धरायचा कुठे? मी चिडून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पाळीला जाताना आईने घरातला मोठा कडीचा डबा काढला. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी त्याच्यात भरलं, आणि मला बरोबर घेऊन, वाकडी वाट करून, दवाखान्यात बाकाच्या टोकाला ठेवला. अक्काच्या हातात लाल औषधाची बाटली देऊन म्हणाली, “पट्टी भिजवून सोड. खरवडू नगं. आनि आत जाताना वरनं हे लाल लाव.” डब्याचं झाकण कधीच हरवलेलं होतं. धूळ पडू नये म्हणून तिने माझ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं, छापील बाजू वर करून डब्याच्या तोंडावर बांधलं.

“आता वाचत्याल,” ती म्हणाली. “पानी घ्यायचं म्हंजी आदी ते सोडावंच लागतंय.”

अक्काने ते सोडलं, डोळ्यांजवळ धरलं. तिला मराठी वाचायला वेळ लागायचा. मग शेजारणीला तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि शेजारणीने आपल्या खपलीवरचा हात काढला.

नियम अजून तसाच आहे. डॉक्टर अजून खुर्चीतूनच बघतात. ढकलगाडीचं चाक अजून वाकडं आहे. आई त्या गाडीकडे पाठ करून कधी उभी राहत नाही.